‘एडिट ब्लँक’ : रोजकीर्द कानांनी लिहायला शिकले त्याची हकिकत

डिसेंबर २०२२ मध्ये माउसचा बाण हरवायला लागला. म्हणजे तो पडद्यावर असायचा, पण मला सापडायचा नाही. माउस गरागरा फिरवायचा, बाण डोळ्यांसमोरून झर्रकन गेला की तिथे झडप घालायची. मी अमळनेरच्या एका पतसंस्थेत चौदा वर्षं क्लार्क आहे; रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, माझ्याकडे. त्याच महिन्यात दोनदा टेबलावरचा चहा सांडला, एकदा थेट पिग्मीच्या (रोजच्या छोट्या बचतीच्या) पावत्यांवर. शेजारच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले, "ताई, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा." मलाही तेच वाटत होतं.

रात्री कमी दिसायचं ते लहानपणापासून. घरात त्याला रातांधळं म्हणून सोडून दिलं होतं. १७ जानेवारी २०२३ ला एसटीनं धुळ्याला गेले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी चष्म्याचं काही बोलायच्या आधी विचारलं, "आई-वडील नात्यातले का?" माझी आई माझ्या वडिलांची मामेबहीण. मग फील्ड टेस्ट केली, म्हणजे कडेकडेनं किती दिसतं त्याची तपासणी, १२०० रुपये. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला प्रकाशाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटन दाबायचं. मी बराच वेळ नुसती बसून होते. मला वाटलं मशीन अजून सुरू व्हायचंय.

रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरतात, आधी अंधारात बघायच्या, मग कडेच्या. दोन्ही डोळ्यांनी माणसाला आडवं साधारण १८० अंश दिसतं, माझं मधलं दहाच्या आसपास उरलं होतं. डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून माझ्या नवऱ्याच्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, "यांना असं दिसतं." परतीच्या गाडीत आम्ही दोघंही काही बोललो नाही. नवऱ्यानं बसस्टँडवर भजी घेतली होती, ती तशीच घरी आली.

आता पहिली चूक, कारण ती तुम्हीही कराल. घरात सगळ्यांचं एकमत झालं की कॉम्प्युटरचा पडदा मोठा हवा. फेब्रुवारीत जळगावहून २७ इंची मॉनिटर आणला, १४,५०० रुपये. ऑफिसच्या परवानगीनं टेबलावर मांडला, वर विंडोजचं भिंग चालू केलं (विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की ते सुरू होतं, विंडोज आणि एस्केपनं बंद). आणि हाल आणखी वाढले. ज्याची मधली नजर अंधूक आहे त्याला मोठी अक्षरं उपयोगी पडतात. माझी मधली नजर त्यामानानं बरी, कडा गेलेल्या. बोगद्यातून बघणाऱ्यापुढे हत्ती आणून उभा केला तर त्याला फक्त कातडीचा तुकडा दिसणार. ‘कर्जखाते’ या शब्दातलं ‘र्ज’ तेवढं माझ्या वाट्याला यायचं. ही गोष्ट डॉक्टरांना फोन करून विचारली असती तर साडेचौदा हजार वाचले असते. तो मॉनिटर पुढे भाच्यानं नऊ हजारांना घेतला.

त्या काळात दोनच गोष्टी खरोखर कामाला आल्या. एक, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं: डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबायचं. डोळ्यांवर येणारी तिरीप एकदम कमी होते. दुसरी, माउसच्या सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवली की कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटतं. त्यावर मी मार्चअखेर काढली. कशी काढली ते विचारू नका. ३१ मार्चच्या रात्री दहा वाजता तेरीज (सगळ्या खात्यांचा ताळा) जुळली तेव्हा डोकं इतकं ठणकत होतं की उलटी झाली.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा नोकरी सोडायचा विषय घरात निघाला. मी काढला नव्हता.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम त्यानंतर सुरू केलं. ९ मे ला स्वावलंबन कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज भरला. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, डॉक्टरांचे कागद. फोटो आणि सही ठरावीक आकारातच लागतात, ते मुलानं मोबाइलवर बारीक करून दिले. आणि ज्या कार्डासाठी आंधळ्या माणसानं अर्ज करायचा, त्याच अर्जाच्या दारात वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा! तोही मुलानंच वाचला. तपासणीची तारीख मिळाली १४ जून, बुधवार. पहाटेची सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी धरून जळगावला गेलो. टीप एवढीच: जुन्या फील्ड टेस्टचा मूळ कागद जवळ ठेवा, झेरॉक्सच्या तीन प्रती ठेवा, सोबत माणूस ठेवा आणि डबा ठेवा. माझा नंबर दुपारी तीनला लागला. प्रमाणपत्रावर चाळीस टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व लिहून आलं. सवलतींसाठी किमान चाळीस लागतात. कार्ड ऑक्टोबरात आलं.

तिथल्याच बाकावर माझी गाठ धुळ्याकडच्या एका दादांशी पडली. ते पूर्ण अंध, बँकेत अधिकारी, कुणाच्या तरी सोबतीला आलेले. मी काय काम करते ते ऐकून म्हणाले, "मग अडतंय कुठं? एनव्हीडीए टाका ना." मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी फोन नंबर दिला आणि बजावलं, "रोज रात्री नऊ ते साडेनऊ फोन करायचा. पंधरा दिवस. कंटाळा केला तर मी उचलणार नाही."

एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, स्क्रीन रीडर. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टे हा त्याचा मित्र सोबतीला आला, तोही अंध. विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून यांनी हा फुकट वाटला आणि आजही फुकटच आहे. विंडोजचा स्वतःचा नॅरेटरही असतो (कंट्रोल, विंडोज, एंटर), पण दादांनी मला एनव्हीडीएवरच बसवलं. लिनक्सवाल्यांसाठी ओर्का आहे.

जुलैत घरच्या जुन्या लॅपटॉपवर तो टाकला. त्यात ईस्पीक नावाचा आवाज असतो, त्याला मराठी येतं. मराठी येतं म्हणजे, पत्र्याच्या डब्यात बसून कुणी पाढे म्हणावेत तसं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नि म्हणाल्या, "हाई बाई काय बोली ऱ्हायनी?" मी म्हटलं, कॉम्प्युटर बोलतोय. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि "तिले पानी दे" म्हणून आत गेल्या. पहिले चार दिवस मलाही तो आवाज असह्य झाला. पंधरा दिवसांनी मी त्याचा वेग वाढवला, महिन्यानं आणखी. आता मुलगा म्हणतो की मच्छर गुणगुणतोय असं वाटतं. मला त्यात खातेक्रमांक ऐकू येतात.

दादांची शिकवण्याची पद्धत कडक होती. पहिल्या रात्री इन्सर्ट आणि १ दाबायला लावलं. त्यानं कळा शिकायची सोय सुरू होते: कुठलीही कळ दाबा, ती काय करते ते आवाज सांगतो, बाकी काही बिघडत नाही. तीन रात्री फक्त तेच. मग इन्सर्ट आणि टी म्हणजे खिडकीचं नाव, इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे सलग वाचन, वेबपानावर एच दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उडी. पाचव्या रात्री म्हणाले, "ताई, तुम्ही चोरून बघताय." खरं होतं. उरलेल्या दहा अंशांनी मी पडद्याकडे डोकावत होते आणि दोन्हीकडून गोंधळत होते. त्यांनी कंट्रोल, इन्सर्ट, एस्केप दाबायला सांगितलं. पडदा काळा झाला, आवाज चालू राहिला. ती रात्र फार वाईट गेली. घरात दिवे चालू, सगळे टीव्ही बघतायत आणि मी काळ्या काचेसमोर बसून रडतेय, कानात डबा पाढे म्हणतोय. पण कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला सण) बसली त्या रविवारपर्यंत मी मेल लिहून पाठवत होते. रोटांच्या पिठाचे हात धुऊन बसायचे आणि अर्धा तास सराव करायचे.

टायपिंगची मला काळजी होती. मी पूर्वी टाइपरायटरच्या पद्धतीनं मराठी शिकलेली. दादांनी इन्स्क्रिप्ट घ्यायला लावलं. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के वर क, एल वर त. मांडणीला अर्थ असल्यामुळे बोटांना ती लवकर पाठ होते. तीन आठवडे लागले.

सप्टेंबरात ऑफिसच्या मशीनवर एनव्हीडीए टाकायची परवानगी मॅनेजर सरांनी दिली. पहिल्याच दिवशी मी हेडफोन विसरले आणि स्पीकर चालू राहिला. साडेअकराची वेळ, समोर आठ-दहा खातेदार, आणि त्या पत्र्याच्या आवाजानं एका भल्या माणसाचं नाव घेऊन त्याची थकबाकी रकमेसकट अख्ख्या हॉलला ऐकवली. तो माणूस तिथे नव्हता, पण त्याचे व्याही होते. सरांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "असं परत नको." त्याच संध्याकाळी एका कानाचा हेडफोन घेतला, ६५० रुपये. एक कान मशीनला, एक कान काउंटरला. पैशाचं काम करणाऱ्यांनी आधी हेडफोन घ्यावा, मग प्रोग्राम टाकावा.

पुढची अडचण मला कुणीच सांगितली नव्हती. संस्थेची जुनी पत्रं, ठराव, नोटिसा सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना नुसता मराठी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही. ‘मराठी’ शब्दावर गेलं की तो ई-जे-के-बी-एच म्हणतो. चौदा वर्षं मीच टाइप केलेली पत्रं मला परकी झाली. फुकटचे कन्व्हर्टर मिळतात, त्यांनी ते युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, आणता येतं. जोडाक्षरं आणि रफार मात्र नंतर तपासावे लागतात. नोव्हेंबरभर रोज चार वाजल्यानंतर मी दहा-पंधरा फायली बदलत गेले. वरून येणारी परिपत्रकं तर बऱ्याचदा स्कॅन केलेली असतात, म्हणजे मजकुराचा नुसता फोटो. त्यावर आवाज गप्पच बसतो. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटून येतो. खातेदारांचे कागद मात्र असे बाहेर चढवू नका.

आणि मग मूळ दुखणं. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. ते एका छोट्या कंपनीचं आहे, नाव देत नाही. व्हाउचरची खिडकी उघडली की डोळस माणसाला नीटस चौकटी दिसतात: तारीख, खाते, जमा, नावे (म्हणजे खात्यातून जाणारी रक्कम), तपशील. मला टॅब दाबत गेल्यावर ऐकू यायचं: एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. बटन. बटन. बटन. ‘एडिट’ म्हणजे लिहायची चौकट, ‘ब्लँक’ म्हणजे रिकामी; पण कुठली चौकट कशाची ते कळायला मार्ग नाही. टॅबचा क्रमही चक्रम, तारखेवरून थेट ‘रद्द करा’वर. थकीत खाती नुसत्या लाल रंगात, शब्द कुठेच नाही. मी टॅब मोजून काम करायचे: तिसरी चौकट खाते, पाचवी जमा. कुणी मध्येच "ताई, शिल्लक सांगा" म्हटलं की मोजणी गेली, पुन्हा पहिल्यापासून.

डिसेंबरात कंपनीला फोन केला. सपोर्टचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर सगळं दिसतंय." पुढे, असा बदल हवा असेल तर अठरा हजार. संचालकांपैकी एक म्हणाले, ताईंना काउंटरवरून काढून पासबुकं लिहायला बसवू. (पासबुकं! हातानं!) नात्यातल्या वकिलांना कायदा विचारला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम २०: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदही कमी करता येत नाही. पण ते कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे, तुमची पतसंस्था त्यात बसत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे भांडून भागणार नव्हतं, गळी उतरवावं लागणार होतं.

इथे दादांनी एक युक्ती सांगितली, ती मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर असतो. आवाज जे बोलतो ते सगळं तो एका खिडकीत लिहून दाखवतो. मी एक व्हाउचर सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरलं आणि त्यातला मजकूर उचलून कागदावर छापला. दोन पानं भरली. एडिट ब्लँक, एडिट ब्लँक, बटन, बटन. खाली माझी मागणी, २३ जागांची यादी: कुठल्या खिडकीत कितव्या टॅबवर काय ऐकू येतं आणि काय यायला हवं.

जानेवारीची सभा पुढे ढकलली गेली, कारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला गावात ९७वं साहित्य संमेलन होतं आणि निम्मे संचालक कुठल्या ना कुठल्या समितीवर. सभा झाली १२ फेब्रुवारी २०२४ ला. चेअरमन आप्पांनी तो कागद हातात घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "एडिट ब्लँक. एडिट ब्लँक. बटन. बटन. बटन..." अर्ध्या पानावर थांबले. "हे काय आहे?" मी म्हटलं, "आप्पा, हे आपलं जमेचं व्हाउचर आहे." मग त्यांनी उरलेलं मनात वाचलं आणि सेक्रेटरींना सांगितलं, यंदाच्या देखभालीच्या करारात हे बसवून घ्या, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली त्या गावात दोन-चार चौकटींना नावं देता येऊ नयेत का, असंही एक संचालक म्हणाले. टाळ्या त्यांना पडल्या.

मार्चअखेर होईपर्यंत कंपनीकडून हालचाल नव्हती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा एक डेव्हलपर आला, पंचविशीतला. ऊन ४४ च्या घरात, आल्याबरोबर त्यानं दोन तांबे पाणी प्यायलं. त्याला यादी आवडली असावी, कारण त्यानं ती घडी न करता फाइलला लावली. म्हणाला, "ताई, हे अवघड नाही, कुणी मागितलंच नव्हतं." विंडोजच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक चौकटीला, प्रत्येक बटनाला एक न दिसणारं नाव देता येतं, ॲक्सेसिबल नेम म्हणतात. ते कुणी दिलंच नव्हतं, म्हणून मला नावाशिवाय नुसतं ‘एडिट’ आणि ‘बटन’ ऐकू येत होतं. टॅबचा क्रमही आकड्यांनी लावता येतो. तो दोन दिवस राहिला. लाल रंगासोबत ‘थकीत’ हा शब्द आला. जतन करायला ऑल्टची कळ आली; भाऊसुद्धा आता माउस सोडून तीच वापरतात.

नवी आवृत्ती मे महिन्यात बसली. "तारीख. खाते. जमा." मी तीनदा पुढे-मागे जाऊन ऐकलं. त्या दिवशी ३१ व्हाउचरं केली. आणि संध्याकाळी रोख जुळेना! ९,५०० चा फरक. सगळे माझ्याकडे बघत असणार; मला कडेचं दिसत नाही ते एक बरं. पण चौदा वर्षांची सवय आहे: फरक आला की आधी निम्मा करायचा. जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. ९,५०० चे निम्मे ४,७५०. रोजकीर्दीत ४,७५० शोधले, पिंपळे रोडच्या एका बाईंचा भरणा, आणि तो नावे पडला होता.

मी खिडकी पुन्हा उघडून टॅबनं गेले. मशीन म्हणालं, "जमा." भाऊंना विचारलं, पडद्यावर कुठली चौकट उजळलीय? ते म्हणाले, "नावे." बचत खात्याच्या त्या एकाच खिडकीत डेव्हलपरनं न दिसणारी नावं अदलाबदल करून टाकली होती. डोळ्यांना सगळं बरोबर, कानाला उलटं. माझी बाकीची तीस व्हाउचरं कर्ज आणि पिग्मीची होती म्हणून वाचली. रात्रीच त्याला फोन केला. तो आधी "शक्यच नाही" म्हणाला, मग दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला, "ताई, सॉरी." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्ती आली. तेव्हापासून नवी आवृत्ती आली की प्रत्येक खिडकीत एक रुपयाचं खोटं व्हाउचर करून, भाऊंना पडदा वाचायला लावून, मी आवाजाशी ताडून बघते आणि मग ते रद्द करते. पाऊण तास जातो.

एकूण खर्च विचाराल तर: मॉनिटरमध्ये बुडाले ५,५००, हेडफोन ६५०, तपासणी १२००, प्रवासाचे दोन-अडीच हजार. प्रोग्रामचे शून्य. सुरुवातीपासून हाती येईपर्यंत सोळा महिने, त्यातले सहा नुसते चुकीच्या दिशेनं.

छपाईची खिडकी अजून मुकीच आहे. पासबुक छापायचं बटन नुसतं "बटन" म्हणतं, आणि त्याच्या शेजारचं, तेही नुसतं "बटन", दिवसाचं कामकाज बंद करतं. डेव्हलपर म्हणालाय दिवाळीपर्यंत करतो. तोवर पासबुकं भाऊ छापतात आणि त्यांची पिग्मीची बेरीज मी तपासून देते.